योजना संपली, आता पुढं काय? वाचकांचे प्रश्न

नमस्कार मंडळी. यावेळी आलेली पत्रं नि मेसेज चाळले तर पीकविम्यापेक्षा पोरापोरींच्या रोजगाराचे प्रश्न जास्त निघाले, यवतमाळपासून गडचिरोलीपर्यंत सगळ्यांचं दुखणं जवळपास एकच. त्यामुळं हा अख्खा अंक त्यालाच दिला. मी आयटीआयमध्ये बावीस वर्षं वेल्डिंग शिकवलं, त्यामुळं या विषयात माझा जीव जरा जास्तच गुंततो, उत्तरं लांबली तर समजून घ्या. नावं छापत नाही, फक्त तालुका.

सर, मी दिग्रस तालुक्यातला, वय २४, बी.ए. झालं. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत गावच्याच ग्रामपंचायतीत ११ महिने काम केलं, महिन्याले १० हजार भेटत होते. आता बंद झालं. सचिव म्हणते तुह्याशिवाय काम अडते पण ठेवून घेता येत नाही. परत लागता येते काय? ग्रुपवर पोरं म्हणून रायले का कायम करणार हायेत. थांबू काय?

भाऊ, आधी सरळ उत्तर देतो. परत लागता येत नाही, या योजनेचा लाभ एका माणसाला एकदाच. आणि थांबू नको.

आता जरा सविस्तर सांगतो, कारण तुझ्यासारखी पोरं प्रत्येक तालुक्यात आहेत. ही योजना जुलै २०२४ मध्ये आली, १८ ते ३५ वयाच्या पोरांसाठी, बारावीवाल्याला ६ हजार, आयटीआय नि डिप्लोमावाल्याला ८ हजार, पदवीधराला १० हजार. मुदत आधी सहा महिने होती, २०२५ मध्ये ती ११ महिने केली. नावातच प्रशिक्षण आहे आणि पुढं नोकरी देऊ असं त्यात कुठंच लिहिलेलं नाही. कायम करा म्हणून पोरांनी आंदोलनं केली, ती मागणी मला चुकीची वाटत नाही कारण काम तर खरंच होतं, ग्रामपंचायतीत, दवाखान्यात, शाळेत पोरांनी ते मन लावून केलं. पण मागणी लावून धरणं वेगळं आणि तिच्या भरवशावर चोविसाव्या वर्षी घरी बसून राहणं वेगळं. मोर्चाला जा, पण हातातलं काम सोडून बसू नको.

माझं या योजनेबद्दल एक म्हणणं आहे ते मांडून टाकतो. पोरगं जिथं शिकून पुढं लागू शकते अशा जागी त्याला ठेवलं तर प्रशिक्षणाला अर्थ आहे. आपल्याकडं खेड्यात कंपनी कुठं आहे? बुटीबोरी, हिंगणा, नांदगावपेठ, ताडाळी सोडलं तर बाकी तालुक्यातली पोरं सरकारी ऑफिसातच बसली, जिथं जागा निघाली तरी ती स्पर्धा परीक्षेतूनच भरतात. म्हणून ११ महिने संपले की पोरगं होतं तिथंच.

तरी तू रिकाम्या हातानं उठला असं समजू नको. एक वही घे नि लिहून काढ काय काय केलं ते. नमुना ८ चे उतारे काढले असतील, घरपट्टीच्या मागणीची बिलं केली असतील, जन्म-मृत्यूच्या नोंदी, ग्रामसभेचं इतिवृत्त, घरकुलाचे फोटो अपलोड. हे सगळं येणारा माणूस आपले सरकार सेवा केंद्र चालवू शकतो, एखाद्या ट्रस्टच्या ऑफिसात बसू शकतो, वेअरहाऊसमध्ये स्टॉकच्या एंट्री करू शकतो. प्रमाणपत्र घेतलं नसेल तर आधी ते घे, त्या पोरासारखं करू नको जे मला म्हणालं की कागद काय कामाचा नि दोन महिन्यांनी तोच कागद शोधत फिरलं.

पुढचा रस्ता मी असा सांगीन. पदवी होऊन पाच वर्षं झाली नसतील तर नॅट्स पोर्टलवर नाव टाक, ती केंद्राची अ‍ॅप्रेंटिसशिप आहे आणि आता त्यात बी.ए., बी.कॉम.वालेही घेतात. २०१९ च्या नियमात पदवीधराला महिना किमान ९ हजार ठरले होते, त्यातला निम्मा वाटा केंद्र देतं, त्यामुळं कंपनीलाही परवडते. आणि पहिल्यांदाच पीएफवाली नोकरी लागली, पगार लाखाच्या आत असला, तर १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात लागलेल्यांना केंद्राकडून दोन हप्त्यांत १५ हजारांपर्यंत मिळतात, पहिला हप्ता सहा महिने टिकल्यावर, दुसरा वर्षभर टिकल्यावर एक छोटासा पैशाच्या व्यवहाराचा कोर्स केला की. त्यासाठी यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर, उमंग अ‍ॅपवर चेहरा दाखवून काढावा लागते. तेव्हा पीएफ न कापणाऱ्या ठिकाणी दोन हजार जास्त मिळतात म्हणून धावू नको, पीएफ कापते का हे पहिल्याच दिवशी विचार.

तलाठी, ग्रामसेवकाची परीक्षा द्यायची असेल तर दे, पण स्वतःला तारीख घालून दे. दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं. आणि तोपर्यंत मराठी ३० आणि इंग्रजी ४० चं टायपिंग काढून ठेव, क्लर्कच्या जागेला ते लागतेच.

चामोर्शी तालुका, जि. गडचिरोली. मी नि माझी मैत्रीण एकाच ऑफिसात प्रशिक्षणाला आहोत. तिचं विद्यावेतन आलं, माझं तीन महिन्यांपासून नाही. बँकेत विचारलं तर आधार लिंक आहे म्हणतात. मग पैसे गेले कुठं?

ताई, दहातल्या सात जणांचा घोळ इथंच असतो असं मला पत्रांवरून वाटते. बँकेत आधार दिलं म्हणजे केवायसी, म्हणजे ओळखीची नोंद, झाली. सरकारी पैसा येण्यासाठी आधार त्या खात्याशी डीबीटीसाठी, म्हणजे पैसा थेट खात्यात जमा होण्यासाठी, जोडलेलं लागते, ती वेगळी गोष्ट आहे. आधार एकावेळी एकाच बँकेशी असं जोडलेलं राहते. मधात तुम्ही दुसरं खातं उघडलं असेल, स्कॉलरशिपसाठी म्हणा का पोस्टाचं म्हणा, आणि तिथं फॉर्मवर टिक केली असेल तर पैसा तिकडं जाते आणि तुम्ही इकडचं पासबुक भरत बसता.

माय आधारच्या साइटवर आधार नंबर नि ओटीपी टाकून बँक सीडिंग स्टेटस पाहा, कोणत्या बँकेला जोडलं आहे नि चालू आहे का ते तिथं दिसते. दिसली ती बँक वेगळी असेल तर आधी तिथं बॅलन्स विचारा, पैसे तिथंच पडून असू शकतात. काहीच जोडलेलं नसेल तर बँकेत जाऊन 'डीबीटीसाठी आधार सीडिंग' असे शब्द वापरून अर्ज द्या, नुसतं लिंक करा म्हटलं की ते पुन्हा केवायसी करून देतात. पोस्ट पेमेंट बँकेचं खातंही चालते, पोस्टमन घरी येऊन काढून देते, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात जिथं बँक वीस-पंचवीस किलोमीटरवर असते तिथं हा मोठाच आधार आहे.

सीडिंग बरोबर निघालं तर दुसरी जागा म्हणजे हजेरी. ती ऑफिसनं ऑनलाइन भरायची असते, आणि ज्या टेबलाचा माणूस बदलला तिथं ती राहून जाते. साहेबांना नम्रपणे म्हणा की स्क्रीनवर दाखवा. ती भरलेली असूनही पैसे नसतील तर जिल्ह्याचं कौशल्य विकास रोजगार केंद्र, पूर्वीचं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज, तिथं लेखी द्या नि पोच घ्या.

मंगरूळपीर तालुका, जि. वाशिम. तीन एकर कोरडवाहू. आमच्या बाबाले ७२ च्या दुष्काळात सरकारनं खडी फोडाचं काम देल्लं, त्याच्यावर आमचं घर जगलं. माह्या मोठा पोरगा बी.एस्सी. होऊन तीन वर्षांपासून घरी हाय. अडाण्याले कामाची हमी नि शिकल्याले काहीच नाई, हे कसं? लहाना दहावी झाला, ५८ टक्के. त्याले आयटीआयले टाकू का अकरावीले? नागपूरचा एक जण म्हणते ६० हजार द्या, मोठ्याले कंपनीत परमनंट लावून देतो.

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

तुमच्या बाबांना मिळालेलं काम ही उपकाराची गोष्ट नव्हती. वि. स. पागे यांनी ती कल्पना मांडली, ७२ च्या दुष्काळात ती राज्यभर चालली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, आणि त्यासाठी शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला. पुढं देशानं तीच वाट धरली. म्हणजे त्या माणसांनी बेकारीला कुटुंबाचं नशीब म्हटलं नाही, सरकारची जबाबदारी म्हटलं. शिकलेल्या पोरांसाठी तशी हमी आजवर कोणी कायद्यात लिहिली नाही, जे आहे ते सगळं योजना, आज आहे उद्या नाही. तुमचा प्रश्न आमदारापासून खासदारापर्यंत प्रत्येकाला विचारायच्या लायकीचा आहे, ग्रामसभेत ठराव म्हणून मांडा, मी मनापासून सांगतो.

पण घर आज चालवायचं आहे म्हणून आता लहान्याचं पाहू. आयटीआयले टाका. ५८ टक्क्यांचा पोरगा अकरावी-बारावी-बी.ए. करून पाच वर्षांनी तुमच्या मोठ्याच्या शेजारी येऊन बसण्यापेक्षा दोन वर्षांत इलेक्ट्रिशियन, वायरमन किंवा फिटर झालेला बरा. टक्के कमी पडले तर वेल्डर घ्या, एका वर्षाचा ट्रेड आहे, आणि पोरं नाक मुरडतात पण माझे वेल्डरचे विद्यार्थी मला रस्त्यात थांबवून चहा पाजतात, गावात स्वतःचं वर्कशॉप टाकून ट्रॉली, फाटक, शेड करतात, पेरणीच्या आधी वखराची पास नि ट्रॅक्टरचे अवजारं जोडायला रांग असते. सरकारी आयटीआयची फी कॉलेजच्या मानानं किरकोळ आहे. फॉर्म ऑनलाइन भरतात, ऑप्शन देताना जीव लावून भरा, पहिला ऑप्शन लागला नि घेतला नाही तर पुढच्या फेऱ्यांत घेत नाहीत. सायबर कॅफेवाल्याच्या मनानं ट्रेड भरू देऊ नका. आणि दोन वर्षांचा ट्रेड केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, म्हणजे शिक्षण तिथं संपत नाही.

आयटीआय झाल्यावर मात्र एक वर्ष अ‍ॅप्रेंटिसशिप कराच, इथं पोरं चुकतात. १९६१ च्या कायद्यानं ३० किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेला अ‍ॅप्रेंटिस घ्यावेच लागतात. आपल्याकडं महावितरण आहे, कोराडी-खापरखेडा-चंद्रपूरची वीज केंद्रं आहेत, वेकोलिच्या कोळसा खाणी, रेल्वे, आयुध निर्माणी, यांच्या जाहिराती निघत राहतात. रेल्वेत अ‍ॅप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांना लेव्हल एक म्हणजे सगळ्यात खालच्या पदांच्या भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. नोकरी नाही लागली तरी त्या वर्षात पोराचा हात बसतो, ते मी डोळ्यानं पाहिलं आहे, आयटीआयमध्ये ज्याच्या रॉडला नुसत्या ठिणग्या उडायच्या तोच पोरगा वर्षानं पाइपच्या गोल जोडाला असा एकसारखा टाका टाकून दाखवते की बोट फिरवलं तर कुठं अडत नाही.

आता ते ६० हजार. देऊ नका. एक रुपया देऊ नका. माझ्या धाकट्या भावासोबत हेच झालं. एका एजन्सीनं पैसे घेतले, शिक्का मारलेलं नेमणूक पत्र दिलं, आईनं गाठोड्यात चिवडा नि बेसनाचे लाडू बांधून दिले, आम्ही स्टँडवर सोडायला गेलो. तो वळकटी घेऊन कंपनीच्या गेटवर उभा राहिला तर वॉचमन म्हणे हा विभागच आमच्याकडं नाही. दोन दिवस तो लाजेनं घरी आला नाही, स्टेशनवर झोपला. आईच्या पाटल्या गेल्या होत्या त्यात. सरकारी योजनेत किंवा खऱ्या कंपनीत पोराकडून असे पैसे घेत नाहीत. मोठ्याला जिल्ह्याच्या रोजगार मेळाव्याला पाठवा, महास्वयम पोर्टलवर नोंदणी करा, दोन्ही फुकट आहे.

दर्यापूर तालुका. मी बचत गटात आहे. आमच्याकडं तूर चांगली होते, पण डाळ करायला लोक शहरात नेतात. मला नि माझ्या पदवीधर मुलीला मिनी दाल मिल टाकायची आहे. बँकेत गेले तर साहेब म्हणतात नंतर या. कोणती योजना घ्यावी?

ताई, या डाकेतलं हे पत्र वाचून मला सगळ्यात बरं वाटलं. धंदा बरोबर निवडला. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिनी दाल मिल आपल्या भागात पुष्कळ गावांत चालते, आधी जिथं चालू आहे तिथं अख्खा दिवस जाऊन बसा. क्विंटलला डाळ किती पडते, चुनी नि कोंडा कोणाला विकतात, मोटार सिंगल फेजवर चालते का, लाइट गेली तर काय करतात, हे सगळं मिल चालवणाऱ्या बाईमाणसाला विचारा, कंपनीच्या सेल्समनला नंतर.

दोन योजना बसतात. एक पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, खादी मंडळ किंवा जिल्हा उद्योग केंद्रातून. तुम्ही बाई नि गाव ग्रामीण, म्हणून प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान आणि तुमचे स्वतःचे फक्त ५ टक्के. दुसरी पीएमएफएमई, कृषी खात्यातून, खास अन्नप्रक्रियेसाठी, तिथंही ३५ टक्के, १० लाखांच्या मर्यादेत, पण स्वतःचे १० टक्के. ओपन गटातला पुरुष असता तर पीएमईजीपीत गावात २५ टक्केच मिळते म्हणून त्याला मी दुसरी सांगितली असती. तुमच्याजवळ पैसा कमी असेल तर पहिली पाहा. दुसरीचा फायदा हा की तिथं जिल्हा संसाधन व्यक्ती असते, ती प्रोजेक्ट रिपोर्ट करून बँकेपर्यंत सोबत येते नि तिचं मानधन योजनेतून मिळते, तुम्ही द्यायचं नाही. दोन्ही अनुदानं एकाच मिलवर मिळत नाहीत. गटातून अन्नप्रक्रिया करणाऱ्या बाईला ४० हजारांपर्यंत बीज भांडवल असते, ते उमेदच्या, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या, ताईला विचारा.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा, पीएमईजीपीचं अनुदान हातात येत नाही. ते बँकेत तुमच्या नावानं तीन वर्षं पडून राहते नि धंदा चालू दिसला की कर्जात वळतं होते. अनुदान म्हणजे मोकळा पैसा समजून ज्यांनी पोरीचं लग्न उरकलं त्यांचे हाल मी पाहिले.

बँकेचं म्हणाल तर तोंडी जाऊ नका. ऑनलाइन अर्ज करा, त्याला नंबर मिळते, मग साहेबांना हो किंवा नाही नोंदवावंच लागते. १० लाखांपर्यंतच्या अशा उद्योगाच्या कर्जाला तारण मागायचं नाही हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, मागितलं तर लेखी मागा. आणि त्याआधी मुलीला आरसेटीत, म्हणजे स्वयंरोजगार शिकवणाऱ्या संस्थेत, पाठवा, प्रत्येक जिल्ह्यात लीड बँकेची ती संस्था असते, राहणं-जेवण-शिकणं सगळं फुकट, हिशेब कसा ठेवायचा ते तिथं पक्कं शिकवतात. तूर जानेवारी-फेब्रुवारीत घरात येते, डाळ उन्हाळ्याच्या तोंडी होते, म्हणजे मिल तीन-चार महिने जोरात. उरलेले आठ महिने मूग, उडीद, हरभरा किती येते ते आत्ताच गावागावात विचारून लिहून ठेवा, कर्जाचा हप्ता बाराही महिने असते.

धारणी तालुक्यातून आशा सेविका ताईनं लिहून पाठवलं. माझी मुलगी १९ वर्षांची, बारावी पास. चार महिने नागपूरला ट्रेनिंग, हॉस्टेल फुकट, मग पुण्यात नोकरी म्हणतात. फुकट आहे म्हणूनच भीती वाटते. पाठवू का?

माय, भीती वाटणं बरोबर आहे. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना असेल तर ती खरी आहे, २०१४ पासून चालू, गरीब घरच्या १५ ते ३५ वयाच्या पोरापोरींसाठी, बायांना नि कोलाम, माडिया अशा आदिम जमातींना ४५ पर्यंत. खर्च सरकार करते, म्हणून फुकट. शिकवलेल्यांतल्या कमीत कमी ७० टक्के पोरांना कामाला लावायची अट संस्थेवर असते.

पण आधी तालुक्याच्या उमेद ऑफिसात त्या संस्थेचं नाव त्यांच्या यादीत आहे का विचारा. मग पोरीसोबत स्वतः हॉस्टेलला जा, मुलींचं वेगळं आहे का, बाई वॉर्डन रात्री तिथं राहते का, संडास-बाथरूम कसं आहे, हे डोळ्यानं पाहा. मागच्या बॅचच्या दोन मुलींना फोन लावून मागा, देत नसतील तर परत या. टीसी नि मार्कशीट ओरिजिनल ठेवून घेऊ देऊ नका, झेरॉक्स द्या. पगार किती सांगतात त्यापेक्षा पुण्यात खोली, मेस, बस कापून तिच्या हातात किती उरते ते विचारा. हे सगळं ठीक निघालं आणि पोरगी स्वतः हो म्हणत असली तर पाठवा.

अर्जुनी मोरगाव तालुका. वडील सुतार, मी त्यांच्या हाताखाली. कारागिरांच्या विश्वकर्मा योजनेत दोघांनी नाव टाकायचं आहे. चालते काय?

तुझं लग्न झालं नसेल तर नाही, नवरा-बायको नि बिनलग्नाची मुलं हे एक कुटुंब, त्यातून एकच नाव. योजना १७ सप्टेंबर २०२३ ला आली, वर्ष झाल्याचा कार्यक्रम आपल्या वर्ध्यालाच झाला होता. नोंदणी सीएससी म्हणजे ऑनलाइन कामं करणाऱ्या सेवा केंद्रावर, मग ग्रामपंचायतीची शिफारस, मग जिल्हा. पाच-सात दिवसांचं ट्रेनिंग, दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजारांचं व्हाउचर, पुढं ५ टक्के व्याजानं पहिल्यांदा १ लाखापर्यंत कर्ज, १८ महिन्यांत फेडायचं. मागच्या पाच वर्षांत मुद्रा किंवा पीएमईजीपीचं कर्ज घेतलं असेल तर जमत नाही, मुद्राचं पूर्ण फेडलं असेल तर मात्र चालते.

नाव तुझं टाका असं माझं म्हणणं. वडिलांना बंडी, तिफण, डवरा डोळे मिटून करता येतो, त्यांना शिकायची गरज नाही. तुला मात्र इलेक्ट्रिक रंधा, राउटर नि प्लायचं काम यायला हवं, कारण आता गावात बंड्या कमी नि मॉड्युलर किचन जास्त व्हायला लागले आहेत. वडिलांशी बोलून घे, आणि व्हाउचर मिळालं की अवजार आणायला त्यांनाच सोबत ने, पोलादाची पारख त्यांच्या हातात आहे.